निवेदन : नर्सिंग होममधील थेरपीचा वेळ रुग्णाच्या गरजेवरून ठरावा, टार्गेटवरून नव्हे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
खासगी वैद्यकीय आस्थापना नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरण,
धारवाड जिल्हा, धारवाड.

विषय : व्यवसायोपचार तज्ज्ञांवर लादली जाणारी रुग्णसंख्येची टार्गेट्स बंद करण्याबाबत.

महोदय,

हुबळीतील लॅमिंग्टन रोड आणि चन्नम्मा सर्कलच्या आसपासच्या खासगी नर्सिंग होममध्ये आम्ही व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणून नोकरी करतो. सह्या करणारे आम्ही सगळे मराठी भाषक आहोत, म्हणून मूळ निवेदन मराठीत लिहिले आहे; कन्नड प्रत सोबत जोडली आहे. आमच्याकडे कुंदगोळ, कलघटगी, नवलगुंदहून रुग्ण येतात, तसेच हल्याळ, दांडेली, खानापूरहूनही येतात. पक्षाघात झालेले, डोक्याला मार लागलेले, हाताची शीर तुटलेले, मांडीचे हाड मोडलेली म्हातारी माणसे. जीव वाचल्यानंतरचे काम आमच्याकडे येते : स्वतःच्या हाताने जेवणे, अंघोळ, लुगडे नेसणे, संडासला जाऊन परत येणे, भाकरी थापणे, दुकानाच्या गल्ल्यावर पुन्हा बसणे.

हे काम घाईत का होत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना डाव्या बाजूचे भानच उरत नाही. डोळे शाबूत असतात, पण ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि माणूस म्हणतो, जेवण झाले. घरच्यांना वाटते, भूक मेली. ही गोष्ट ओळखायची तर त्या माणसाजवळ एक अख्खे जेवण होईपर्यंत बसावे लागते. मग ताट कुठे ठेवायचे, नजर डावीकडे कशी वळवायची, कुठल्या बाजूने बोलायचे, हे त्याला आणि त्याच्या सुनेला किंवा मुलाला शिकवावे लागते. हे राहून गेले तर तोच माणूस घरी जाऊन डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो, रस्त्यावर डावीकडून येणारी मोटरसायकल त्याला कळत नाही. आमच्या रोजच्या तक्त्यात मात्र या साऱ्याची किंमत ‘एक सेशन’ एवढीच.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येकाच्या सेशनचा आकडा पडतो. ज्याचा कमी, त्याला दुसऱ्या दिवशी बोलावले जाते आणि महिनाअखेर त्याचा इन्सेंटिव्ह कापला जातो. मूल्यमापन, स्प्लिंट घडवणे, नातेवाईकांना समजावणे, केसपेपर लिहिणे यातले काहीच आकड्यात धरले जात नाही, म्हणून ते ड्यूटी संपल्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीत उरकायचे. त्याहून वाईट म्हणजे चार रुग्णांना एका टेबलाभोवती बसवून हातात खुंट्यांची पाटी द्यायची आणि चौघांच्या बिलात चार स्वतंत्र सेशन लावायची. वीस मिनिटांच्या उपचारावर पंचेचाळीस लिहा, असे सांगितले जाते. नकार देणाऱ्याची ड्यूटी बदलते. कमी पगार आणि थकवा आम्ही इतकी वर्षे सोसत आलो. खोट्या नोंदीवर सही करण्याचा दबाव आम्हाला सोसवत नाही, कारण पुढचा डॉक्टर त्याच नोंदीवर विसंबून निर्णय घेतो आणि शेत गहाण ठेवून आलेला शेतकरी त्याच नोंदीचे पैसे भरतो.

हे निवेदन कुणा एका नर्सिंग होमविरुद्ध नाही. भाडे, पगार, यंत्रांचे हप्ते यांचा भार मालक-डॉक्टरांवर आहे, हे आम्ही रोज पाहतो. पण तो भार थेरपीच्या मिनिटांतून वसूल करण्याची वाट कुठे नेते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. तिथे 1998 पासून मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याकडून नर्सिंग होमला मिळणारे पैसे थेरपीच्या मिनिटांशी बांधले गेले. सर्वांत वरच्या दरासाठी आठवड्याला किमान 720 मिनिटे लागत. जानेवारी 2016 मध्ये रिहॅबकेअर या मोठ्या थेरपी कंपनीने आणि तिच्या मूळ कंपनीने, गरज न पाहता मिनिटे वाढवल्याच्या आरोपांवर, तिथल्या सरकारशी साडेबारा कोटी डॉलरची तडजोड केली. 1 ऑक्टोबर 2019 पासून मिनिटांचा तो हिशेब मोडून रुग्णाच्या स्थितीवर दर ठरू लागले, आणि गटात किंवा एकाच वेळी दोघांना दिलेली थेरपी एकूण थेरपीच्या 25 टक्क्यांपुरती मर्यादित केली गेली. आपल्याकडे तेवढी मर्यादासुद्धा नाही.

या व्यवसायाचे भारतातले पहिले प्रशिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केले. तेव्हा हुबळी-धारवाड मुंबई राज्यातच होते. पुढे 2021 च्या केंद्रीय कायद्याने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांत व्यवसायोपचाराला मान्यता दिली. कर्नाटकाचा 2007 चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा आणि त्यातली 2017 ची दुरुस्ती यांनी नोंदणी, तपासणी आणि तक्रारीचे अधिकार आपल्या प्राधिकरणाला दिले आहेत. म्हणून आम्ही आपल्या दारी आलो आहोत.

आमची मुख्य मागणी अशी की, कोणत्या रुग्णाला किती वेळ आणि किती दिवस थेरपी द्यायची हे उपचार करणारा तज्ज्ञ आणि डॉक्टर यांनीच ठरवावे, आणि रुग्णसंख्येवर पगार किंवा इन्सेंटिव्ह कापण्यास मनाई करणारे परिपत्रक जिल्ह्यातील सर्व नर्सिंग होमना काढावे. आठ तासांच्या ड्यूटीत एका तज्ज्ञाकडे पंचेचाळीस मिनिटांची आठ सेशनच असावीत. त्याने सहा तास भरतात. उरलेले दोन तास मूल्यमापन, नोंदी, नातेवाईकांचे शिक्षण आणि जेवण यांना लागतातच. पहिल्या मूल्यमापनाला पूर्ण तास मिळावा आणि तो काम म्हणून मोजला जावा.

बिलात एकट्याला दिलेली आणि गटात दिलेली थेरपी वेगवेगळी दाखवावी, दोन्हींचे दर दर्शनी फलकावर कन्नडमध्ये, शक्य तिथे मराठीतही लावावेत. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहून त्यावर रुग्णाची किंवा नातेवाईकाची सही घ्यावी. पदवी नसलेल्या मदतनिसाने दिलेला व्यायाम व्यवसायोपचार म्हणून बिलात लावू नये. नोंदणीच्या नूतनीकरणावेळी हे कागद तपासावेत.

खोटी नोंद करण्यास नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याची तक्रार नाव गुप्त ठेवून घेण्याची सोय आपल्या कार्यालयात व्हावी. आमच्यातले निम्मे तरी आज सही करायला कचरले, ते याच भीतीने.

जिल्हा आरोग्याधिकारी, नर्सिंग होमचे प्रतिनिधी आणि आमचे प्रतिनिधी यांची बैठक आपण एका महिन्याच्या आत बोलवावी, ही विनंती. नावे झाकलेले तक्ते आणि बिलांचे नमुने आम्ही बैठकीत समक्ष सादर करू.

आपले विश्वासू,
लॅमिंग्टन रोड परिसरातील व्यवसायोपचार तज्ज्ञ
(सह्यांची यादी बंद पाकिटात)
स्थळ : हुबळी

प्रत : जिल्हा आरोग्याधिकारी, धारवाड
सोबत : निवेदनाची कन्नड प्रत