म्युनिकच्या मद्यशाळा आणि रात्री ९:३१ ची गाडी

८ नोव्हेंबर १९३९. म्युनिकच्या रोझेनहाइमर रस्त्यावरील ब्युर्गरब्रॉयकेलर या भव्य बिअर हॉलमध्ये हिटलरचे भाषण चालू होते. १९२३ च्या फसलेल्या उठावाच्या स्मरणार्थ, सत्तेवर आल्यापासून दर वर्षी तो याच दिवशी जुन्या साथीदारांसमोर बोलत असे. त्या वर्षी धुके आडवे आले. विमानाने बर्लिनला परतणे बेभरवशाचे ठरल्याने रात्री ९:३१ ची आगगाडी धरायची होती. म्हणून भाषण आधी सुरू झाले, नेहमीपेक्षा लवकर आटोपले आणि ९:०७ ला वक्ता सभागृहाबाहेर पडला. ९:२० वाजता व्यासपीठामागच्या खांबात दडवलेला बाँब फुटला. आठ माणसे मेली, साठाहून अधिक जखमी झाली. ज्याच्यासाठी तो ठेवला होता तो तेरा मिनिटांपूर्वीच स्थानकाच्या वाटेला लागला होता.

बिअर, आगगाडी आणि इतिहास यांची गाठ इतकी घट्ट बसलेले शहर दुसरे शोधणे कठीण. आणि तरीही म्युनिकला जाणारे तरुण प्रवासी, ज्यांत शिक्षण-नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेली मराठी मुलेही आली, ‘ब्रुअरी-भ्रमंती’ची आखणी करतात ती नावांच्या यादीवरून. ऑगस्टिनर, हाकर-प्शोर, हॉफब्रॉय, ल्योवेनब्रॉय, पाउलानर, श्पाटेन. ऑक्टोबरफेस्टच्या मांडवांत केवळ या सहांचीच बिअर मिळते, म्हणून सहाही चाखल्या की म्युनिक पाहिले, असा हिशेब.

हा हिशेब मुळातच भाबडा आहे. नावे सहा असली तरी मालक चारच. श्पाटेन आणि ल्योवेनब्रॉय एकाच बहुराष्ट्रीय कंपनीच्या छत्राखाली नांदतात, पाउलानर आणि हाकर-प्शोर यांचेही घर एकच. हॉफब्रॉयची मालकी बायर्न राज्य सरकारकडे आहे. ऑगस्टिनर तेवढी स्वतंत्र. एका दिवसात सहा पेले रिकामे करून यकृताची परीक्षा होते, शहराची ओळख होत नाही.

याहून चांगली आखणी शहराने स्वतःच करून ठेवली आहे. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी म्युनिकने जुन्या शहराच्या पोटातून एस-बान या उपनगरी रेल्वेचा बोगदा नेला. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना या मार्गावर हाकरब्र्युके, मुख्य स्थानक, कार्ल्सप्लाट्झ, मारीनप्लाट्झ, ईझारटोर आणि रोझेनहाइमर प्लाट्झ ही स्थानके ओळीने लागतात. अभियंत्यांच्या मनात असे काही नसणार, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जर्मन राजकारणाचे अर्धे प्रकरण या सहा स्थानकांच्या डोक्यावर घडले आहे. शहराच्या मध्य विभागाचे दिवसभराचे एक तिकीट त्यासाठी पुरते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चालते, आणि पाच जणांपर्यंतच्या गटाला एकच सामाईक तिकीटही मिळते. मात्र गाडीत पेला वा बाटली तोंडाला लावता येत नाही. २०११ च्या डिसेंबरपासून एस-बानमध्ये मद्यपानास बंदी आहे. बोगद्यातील कामांमुळे काही शनिवार-रविवारी हा मार्ग बंद राहतो, तेवढे आधी पाहून घेतलेले बरे.

सुरुवात हाकरब्र्युकेला. हा लोखंडी पूल, आणि त्याच्या नावातच जुनी ब्रुअरी आहे. जवळच ऑगस्टिनर-केलरची बाग आहे, आणि प्रवाशाने रेंगाळावे अशी ही जागा. ‘केलर’ म्हणजे तळघर. १५५३ च्या राजाज्ञेने बायर्नमध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई होती. उन्हाळ्यात आंबवण बिघडे आणि भट्ट्यांमुळे आगीची भीती असे. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ठेवायची आणि ती खोल तळघरांत, हिवाळ्यात साठवलेल्या बर्फाच्या सोबतीने, उन्हाळाभर टिकवायची. तळघरावरची जमीन तापू नये म्हणून वर चेस्टनटची झाडे लावली गेली, कारण त्यांची सावली दाट आणि मुळे उथळ. त्या सावलीत बाके आली, बाकांवर माणसे आली, आणि ज्यांचे गिऱ्हाईक पळाले ते खानावळवाले राजाकडे तक्रार घेऊन गेले. १८१२ मध्ये माक्सिमिलियान राजाने तोडगा काढला: तळघरावर बिअर विकावी, पण पावाखेरीज खाद्यपदार्थ विकू नयेत. लोक घरून शिदोरी आणू लागले.

ती निर्बंधातून जन्मलेली मोकळीक आजही टिकून आहे. बिअर विकत घ्यावी आणि पदार्थ आपले आणावेत, हा बायर्नच्या बिअरबागेतला पाहुण्याचा हक्क. अट एवढीच की टेबलावर कापड अंथरलेले नसावे, कारण तो भाग वाढप्यांचा. तेव्हा डब्यातले थालीपीठ त्या लाकडी बाकावर निःसंकोच उघडावे, दोनशे वर्षांपूर्वीचा राजा पाठीशी आहे.

१८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने श्पाटेन ब्रुअरीच्या आश्रयाने शीतयंत्राचे प्रयोग यशस्वी केले आणि तळघरांची गरज हळूहळू सरली. पण जागा राहिल्या. ब्रुअऱ्या आता मोठे कारखाने झाल्या होत्या, त्यांनी त्या जागांवर हजारो माणसे मावतील असे हॉल उभारले. आणि इथेच राजकारण आत शिरते. दोन-तीन हजार माणसे एका छताखाली बसवण्याची सोय शहरात दुसरीकडे फारशी नव्हती. भाषण ऐकायला आलेला माणूस बिअर मागवणारच, म्हणजे मालकही खूश. पुढे जे घडले त्याचा दोष बिअरला देण्याची एक सोपी रीत आहे: नशेत झिंगलेला जमाव आणि त्याला चेतवणारा वक्ता. ही रीत इतिहासाला न्याय देत नाही. त्याच हॉलमध्ये, त्याच पेल्यांसमोर, अगदी विरुद्ध मतांची माणसेही जमत होती.

याचा पुरावा कार्ल्सप्लाट्झला. तिथून मुख्य स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माथेझरब्रॉय हा प्रचंड बिअर हॉल होता. ७ नोव्हेंबर १९१८ च्या संध्याकाळी, युद्धाला विटलेले कामगार आणि सैनिक तिथे जमले, त्यांनी आपली परिषद स्थापन केली आणि त्याच रात्री समाजवादी पत्रकार कुर्ट आइस्नरने बायर्नचे प्रजासत्ताक घोषित केले. शेकडो वर्षे राज्य केलेले विटेल्सबाख घराणे एका रात्रीत पदच्युत झाले, त्याचा कारभार बिअरच्या टेबलांवरून चालला होता. आइस्नरचा पुढच्या फेब्रुवारीत खून झाला. त्या जागी आज माथेझर याच नावाचे चित्रपटगृह आहे. बिअर नाही, म्हणून यादीवाले प्रवासी तिथे थांबत नाहीत.

पुढे मारीनप्लाट्झला सगळेच उतरतात. कालक्रम जपायचा तर ते स्थानक सोडून ईझारटोरला उतरावे. त्या जुन्या वेशीपाशीच्या टाल रस्त्यावर श्टेर्नेकरब्रॉयची इमारत उभी आहे. १२ सप्टेंबर १९१९ रोजी लष्कराने एका किरकोळ पक्षाच्या सभेवर नजर ठेवायला एक शिपाई इथे धाडला होता. तो शिपाई म्हणजे हिटलर. पाहायला आला आणि पक्षातच शिरला.

तिथून हॉफब्रॉयहाउस पायी काही मिनिटांवर. १५८९ मध्ये ड्यूक विल्हेल्म पाचवा याने ते स्थापन केले ते काटकसरीपायी, कारण दरबारासाठी दूरच्या आइनबेकहून बिअर मागवण्याचा खर्च डोईजड झाला होता. आज तळमजल्यावर बँड वाजतो, पर्यटक पेले उंचावून छायाचित्रे काढतात. वरच्या मजल्यावरचे सभागृह फार थोडे जण पाहतात. १३ एप्रिल १९१९ रोजी हॉफब्रॉयहाउसमध्ये जमलेल्या परिषदांनी ओयगेन लेव्हीने यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट राजवट जाहीर केली. त्यानंतर दहा महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९२० रोजी, वरच्या सभागृहात सुमारे दोन हजार लोकांसमोर हिटलरने नाझी पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम वाचला. एकच वास्तू, दहा महिन्यांचे अंतर. तळमजल्यावर बसणे चूक नाही, बिअर उत्तम असते. पण जिना चढण्याची इच्छाही न होणे, हे इतिहासाची आवड सांगणाऱ्या तरुणाला शोभत नाही.

शेवटचे स्थानक रोझेनहाइमर प्लाट्झ, ईझार नदीच्या पलीकडे. इथला तीर उंच, म्हणून तळघरे खोदायला सोयीचा, म्हणून शहरातील बरेचसे केलर याच टेकाडावर. ब्युर्गरब्रॉयकेलर त्यांतला एक. ८ नोव्हेंबर १९२३ रोजी बायर्नचा राज्य-आयुक्त गुस्ताव्ह फॉन कार इथे बोलत असताना हिटलरने छताकडे गोळी झाडून उठाव पुकारला, तो दुसऱ्या दिवशी ओडेऑन्सप्लाट्झपाशी पोलिसांच्या गोळ्यांनी संपला. आणि १९३९ चा तो बाँब गेओर्ग एल्झर या सुताराने एकट्याने ठेवला होता. तीसहून अधिक रात्री तो हॉल बंद होईपर्यंत लपून बसे आणि मग खांब पोखरत राही. स्फोटाआधीच, त्याच संध्याकाळी, स्विस सीमेवर कॉन्स्टान्झला तो पकडला गेला.

एल्झर ना सेनाधिकारी होता, ना उमराव, ना पक्षाचा पुढारी. युद्धानंतरही कित्येक वर्षे तो नाझींचाच हस्तक असावा अशी कुजबुज चालू राहिली. १९४४ च्या कटातील सेनाधिकाऱ्यांना स्मारके मिळाली, रस्त्यांना त्यांची नावे मिळाली. या सुताराला फार थांबावे लागले. ब्युर्गरब्रॉयकेलर १९७९ मध्ये पाडले गेले, त्या परिसरात हॉटेल, कचेऱ्या आणि सांस्कृतिक केंद्र आले. जिथे तो खांब होता त्या सुमारास फरसबंदीत एल्झरच्या नावाची पाटी बसली ती १९८९ मध्ये, स्फोटानंतर पन्नास वर्षांनी. ब्रुअरी-भ्रमंतीत ही पाटी नसेल तर ती भ्रमंती अपुरी आहे. इथे प्यायला काही मिळत नाही, हाच तिथे थांबण्याचा मोठा हेतू.

एल्झरला ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाउच्या छळछावणीत गोळी घालण्यात आली. अमेरिकन सैन्य तिथे पोहोचायला तीन आठवडेही उरले नव्हते. रोझेनहाइमर प्लाट्झच्या फलाटावरून पश्चिमेला जाणारी एस-२ ही गाडी याच बोगद्यातून, माथेझर आणि हाकरब्र्युके मागे टाकत, डाखाउला जाते. पुढे छावणीच्या दारापर्यंत बस आहे. ती गाडी मात्र दुसऱ्या दिवशी धरावी, सकाळी, आणि तो दिवस बिअरविना ठेवावा.