जुलैत या, मग आराखडा काढा

मा. महानगर आयुक्त,
पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, यांस


मी मुळशी तालुक्यातला भात पिकवणारा शेतकरी. अडीच एकर खाचरं, त्यात इंद्रायणी. तीन वर्षांपूर्वी आमच्या खालच्या बांधाला लागून एक गृहप्रकल्प उभा राहिला. त्याचं नाव इथे लिहीत नाही आणि परवानगी कोणत्या कार्यालयाची होती तेही लिहीत नाही, कारण हे पत्र एका भिंतीपुरतं नाही. आपलं प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झालं. २०२१ मध्ये त्याचा प्रारूप विकास आराखडा आला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. म्हणजे नकाशा पुन्हा काढायचा आहे. रेघा पक्क्या होण्याआधी बांधावरच्या माणसाचं म्हणणं आपल्या टेबलावर असावं, म्हणून लिहितो आहे. उघडपणे लिहितो, कारण मावळात, हवेलीत, खेडात माझ्यासारखेच पुष्कळ आहेत.

आमच्याकडे भाताचं पाणी खाचरातून खाचरात उतरतं. डोंगराचं पाणी वरच्या खाचरात येतं, ते भरलं की बांधाला पाडलेल्या खांडीतून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, आणि शेवटी ओढ्याला. गावनकाशावर ओढा दिसतो. खांड दिसत नाही, कारण ती कुणाच्या तरी गटातच असते. ती वर्षानुवर्षं दोन शेजाऱ्यांच्या समजुतीवर चालते. माझ्या खालच्या शेजाऱ्याने जमीन विकली. त्याला मी बोल लावत नाही. घरात पाच हिस्से पडले होते आणि एका हिश्श्यावर कुणाचंच भागत नव्हतं. घेणाऱ्याने तिथे चार फूट मुरमाचा भराव टाकला आणि त्यावर सिमेंटची भिंत घातली. स्थळपाहणी झाली होती, पण एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये आमचं शिवार ठणठणीत कोरडं असतं. पाहणाऱ्याला पाणी दिसलं नाही, म्हणून कागदावरही ते आलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यात लावणी आटोपली आणि तिसऱ्या दिवशी पावसाने जोर धरला. पाणी भिंतीला थटलं आणि मागे फिरलं. सहा दिवस रोपं पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर एक चूड उपटून हातात घेतला, तर बुडख्यापर्यंत मऊ पडलेला, बोटांना चिकटणारा. दुबार लावणीला आमच्याकडे रोप शिल्लक नव्हतं. दोन गावं हिंडून मागून आणलं आणि उशिरा लावलं. त्याच वर्षी प्रकल्पाच्या पलीकडे, आणखी खाली ज्याची खाचरं आहेत, त्याचं भात पोटरीत असताना पाण्यावाचून अडकलं. भिंत एकच. वरचा बुडाला आणि खालचा वाळला.

कायदा नाही असं नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ मधला आहे. त्याच्या कलम ५ खाली नैसर्गिक प्रवाहाला किंवा वहिवाटीच्या वाटेला केलेला अडथळा तहसीलदार दूर करू शकतात. बांधावरून जाण्याच्या हक्कासाठी महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण हे दोन शेतकऱ्यांच्या भांडणासाठी बरं चालतं. तिथे अडवलेला बांध फावड्याने फुटतो. इथे दाद मागेपर्यंत घरं विकली गेलेली असतात, बिल्डर पुढच्या साइटवर गेलेला असतो आणि भिंत अशा सोसायटीच्या ताब्यात असते जिने ती बांधलेलीच नाही. मग आदेश काढायचा तरी कुणावर? म्हणून हा प्रश्न मंजुरीच्या आधी सुटायला हवा. नंतर तो फक्त लांबतो.

हे दुखणं एकट्या शेतकऱ्याचंही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा पुण्यात घुसला आणि त्या पुरात वीसहून अधिक माणसं गेली. २०२५ च्या जूनमध्ये हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा बुजवलेल्या ओढ्यानाल्यांची चर्चा झाली. शेतकऱ्याची खांड बुजली की ती बातमी होत नाही. पण शहरात घुसणारं पाणी अशाच खांडी बुजवल्यावर वाट शोधत असतं.

दुसरी गोष्ट माणसांची. गेल्या मे महिन्यात आम्ही राब भाजत होतो. पेरणीआधी पालापाचोळा, शेणकूट आणि कवळं अंथरून वाफा भाजायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. भिंतीपलीकडून एक ताई लहान मुलाला कडेवर घेऊन आल्या. म्हणाल्या, “काका, याला दम्याचा त्रास आहे. धूर कमी नाही का करता येणार?” त्यांचं खोटं नव्हतं. घर घेताना त्यांना डोंगराचं दृश्य दाखवलं होतं, राबाबद्दल कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, “ताई, आधी सांगितलं असतं तर वारा बघून भाजलं असतं.” आता मी आदल्या दिवशी निरोप देतो, त्या खिडक्या लावून घेतात. फवारणीच्या दिवशीही तसंच.

पण सगळं इतक्यात मिटत नाही. भिंतीवरून बाटल्या येतात. चिखलणी केलेल्या खाचरात काच दिसत नाही, ती पायालाच कळते. लावणीला बायका अनवाणी उतरतात. गेल्या हंगामात माझ्या चुलतीच्या टाचेत काच गेली, तीन टाके पडले आणि ऐन लावणीत ती आठ दिवस घरी बसली. आता लावणीला बोलावलं की मजूर आधी विचारतात, “भिंतीकडचं खाचर आहे का?” त्या खाचराची मजुरी जास्त द्यावी लागते.

साहेब, आमच्याकडे कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, जमीन यलो झोनमध्ये गेली का? नकाशातला पिवळा रंग निवासी जमिनीचा, आणि हिरवा रंग म्हणजे अजून पिवळी न झालेली जमीन, असंच सगळे धरून चालतात. हिरव्यात रोज काम चालतं. तिथे पाणी येतं-जातं, ट्रॅक्टर फिरतो, वीज रात्रीची असली तर रात्री मोटार चालते. पिवळा आणि हिरवा जिथे एकमेकांना भिडतात, त्या रेघेचे नियम नव्या आराखड्यात लिहा. एवढंच माझं मागणं आहे.

भिडणाऱ्या प्रत्येक गटाची स्थळपाहणी पावसाळ्यात, दोन्हीकडच्या खातेदारांना बोलावून व्हावी आणि पाण्याची व पाणंदीची प्रत्येक वाट मंजुरीच्या नकाशावर चढावी. ती उघडी आहे असा तहसीलदारांचा अहवाल आल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा ठेवावीच लागते. ती शेताच्या बाजूला ठेवायला लावा आणि तिथे दाट झाडं लावून घ्या. बिल्डरची एक फूटही जास्त जमीन जात नाही. धूर, फवारा आणि बाटली, तिन्हींना त्या पट्ट्याने अंतर मिळेल. आणि शेजारी शेती आहे, तिथे काय काय चालतं, हे घर घेणाऱ्याला लेखी सांगण्याची अट परवानगीच्या पत्रात घाला.

अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत शेतीचा हक्क राखणारे कायदे आहेत. मागाहून राहायला आलेल्याने आधीपासूनच्या शेतीला उपद्रव ठरवू नये, हा त्यांचा गाभा. तिथे मोठ्या वराहपालन कंपन्यांनीही त्यांचा आडोसा घेतला, म्हणून ते जसंच्या तसं इकडे नको. आमच्यावरही बंधन घाला. फवारणीची सूचना द्या म्हणा, राब वारा बघून भाजा म्हणा. आम्ही पाळू. पण जो नंतर आला त्याने आपल्या जागेत अंतर सोडावं, हा न्याय कुठल्याही गावात कळतो.

येत्या जुलैत लावणी चालू असताना आपल्या नगररचनाकारांना आमच्या शिवारात पाठवा, शक्य असेल तर आपणही या. गाडी भिंतीपर्यंत येते. तिथून पुढची पाणंद आता बंद आहे, बांधावरून चालत यावं लागेल.

आपला,
मुळशी तालुक्यातील एक भात उत्पादक