ब्रेकचे शू घरी बदलायचे असतील तर

तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल. वडिलांनी हौसेनं घेतलेली मारुती ८००, नाहीतर झेन, सॅन्ट्रो, इंडिका. हैदराबादच्या काचीगुडा, बरकतपुरा, नल्लाकुंटा भागातल्या मराठी घरांनी अशा गाड्या अजून जपल्या आहेत. मारुती ८०० तयार व्हायची थांबली जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे तिच्यातली सगळ्यात धाकटी गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली.

अशा गाडीचे मागचे ब्रेक शू आपणच बदलावेत, असं बऱ्याच जणांना वाटतं. मजुरी वाचते. आपल्या हातानं काम केल्याचं समाधानही मिळतं. हौस चांगली आहे. जरूर करा.

पण आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. झिजलेला ब्रेक आधी कुरकुर करतो. आवाज करतो, पेडल खाली जाऊ देतो, हँडब्रेक वर ओढायला लावतो. चुकीचा जोडलेला ब्रेक मात्र गप्प असतो. तो इमारतीखालच्या सेलरमध्ये ठीक वाटतो आणि जुबिली हिल्सच्या उतारावर दगा देतो. म्हणून हे काम करायचं तर शेवटपर्यंत नीट करा. अर्धवट करायचं असेल तर हातच लावू नका.

आधी गाडी ओळखा

या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतात आणि मागे ड्रम. प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या ॲम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम असतात. गाडी थांबवण्याचा मोठा भार पुढच्या ब्रेकवर येतो. त्यामुळे पुढचे ड्रम घरी उघडू नका. इथे जे सांगितलं आहे ते फक्त मागच्या चाकांसाठी.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं, उपडं घातलेलं लोखंडी पातेलं समजा. आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात. त्यांच्यावर लायनर असतो. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर शूंना बाहेर ढकलतो. लायनर ड्रमला घासतो आणि चाक थांबतं. पाय काढला की स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात. हँडब्रेकची केबल ओढली तरी हेच शू बाहेर ढकलले जातात.

आता एक अडचण. मारुती ८०० सारख्या काही गाड्यांत मागच्या ड्रममध्येच बेअरिंग असतं आणि मधला मोठा नट काढल्याशिवाय ड्रम निघत नाही. तो नट परत किती आवळायचा याला ठरलेलं माप आहे. तेवढं आवळणारा पाना तुमच्याकडे नसेल, तर ही गाडी मेकॅनिककडेच न्या. तिथे उभं राहून काम बघा. त्यातही पुष्कळ शिकता येतं.

सामान आणताना

शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. पावसात ही ओढ जिवावर बेतू शकते.

सुटे भाग आणायला राणीगंजला किंवा जांबागला जाताना गाडीचं आरसी बुक बरोबर ठेवा. मॉडेल आणि वर्ष दुकानदाराला दाखवा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक शू बदललेले असतात. गाडीच्या कंपनीचे, नाहीतर राणे किंवा टीव्हीएस गर्लिंगसारख्या नावाजलेल्या कंपनीचे शू घ्या. पक्कं बिल मागा. ‘ये भी बैठ जाता साब, टेन्शन नक्को लेव’ असं म्हणून कुणी दुसऱ्याच गाडीचे शू पुढे केले, तर हसून नको म्हणा आणि पुढच्या दुकानात जा.

स्प्रिंगांचा नवा संच मिळत असेल तर तोही घ्या. जुन्या स्प्रिंगा उष्णतेनं सैल पडलेल्या असतात. त्यांची किंमत फार नसते.

याखेरीज लागेल ते असं: जॅक, दोन जॅक स्टँड म्हणजे लोखंडी घोड्या, लाकडी ठोकळे, पाने, पक्कड, डोळ्यांवर चष्मा, चांगला मास्क आणि ब्रेक क्लीनर. घोड्या नसतील तर काम सुरूच करू नका. विटा रचून गाडी पेलू नका. वीट अचानक फुटते. नुसत्या जॅकच्या भरवशावरही राहू नका.

दिवस आणि जागा

दुकानं उघडी असतील असा दिवस निवडा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. एखादी स्प्रिंग तुटली की मग ‘आजचा दिवस जुनीच लावू’ असा मोह होतो. तो टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागणारच असेल तर हे काम काढू नका. घाईत एखादा नट राहून जातो. ऑफिसला मेट्रोनं किंवा आरटीसी बसनं जाता येईल असं आधीच ठरवा.

जागा सपाट आणि टणक हवी. अपार्टमेंटच्या सेलरचा उतार चालणार नाही. मोकळी मातीही नको, घोडीचे पाय तिच्यात रुततात. उन्हाळा असेल तर सकाळीच आटपा. लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नका. घरातल्या एका मोठ्या माणसाला मात्र हाकेच्या अंतरावर राहायला सांगा.

गाडी नुकतीच फिरून आली असेल तर ड्रम तापलेला असतो. तो थंड होऊ द्या.

गाडी उचलताना

ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावा लागतो. म्हणजे गाडी धरून ठेवणारी नेहमीची गोष्टच तुम्ही काढून घेता. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घट्ट लावा.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर पहिला गिअर टाकून ठेवा. तेवढाच आधार. पद्मिनी, ॲम्बेसेडर, ओम्नी या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. मागची चाकं हवेत गेली की तिथे गिअरचा काही उपयोग उरत नाही. अशा गाडीला ठोकळे हाच आधार आहे.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग गाडी उचला. गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच घोडी लावा. गाडी तिच्यावर नीट टेकवा आणि हलवून बघा. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. गाडी घसरलीच तर ती चाकावर टेकेल, तुमच्यावर येणार नाही.

उघडल्यावर

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी राहू द्या. काही विसरलं तर तिथे बघता येतं. फक्त तिथे डावं-उजवं उलटं दिसेल, एवढं लक्षात ठेवा. काहीही सुटं करण्याआधी फोनवर चार बाजूंनी फोटो काढा.

ड्रम निघत नसेल तर मोठी हातोडी उचलू नका. हँडब्रेक सुटला आहे ना, ते पुन्हा बघा. बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आलटून पालटून थोडे थोडे आवळा. ड्रम सरळ बाहेर येतो.

आत काळी भुकटी दिसेल. ती फुंकू नका. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर दुखणं कित्येक वर्षांनी उपटतं, आणि ते बरं होणारं नसतं. मास्क लावा. भुकटीवर ब्रेक क्लीनर किंवा साबणाचं पाणी फवारून ती ओली करा. फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. पेट्रोलनं किंवा रॉकेलनं काही पुसू नका. एक ठिणगी पुरते.

आता व्हील सिलिंडर बघा. त्याच्या टोकांना रबरी टोप्या असतात. टोपीची कड हळूच उचला. आत ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळतंय. इथे थांबा. गळक्या सिलिंडरखाली नवे शू लावले तर तेही भिजतील आणि पकड जाईल. आधी सिलिंडरचं काम मेकॅनिककडून करून घ्या.

ड्रम निघालेला असताना कुणालाही ब्रेकचं पेडल दाबू देऊ नका. सिलिंडरचे पिस्टन बाहेर निघून येतात आणि ऑइल सांडतं. गाडीत मुलं बसलेली नाहीत ना, हे याच्यासाठीही बघायचं.

ड्रमही तपासा. भेग असेल तर ड्रम नवा घ्या. आतून खोल चरे पडले असतील तर लेथवर साफ करून मिळतात, पण त्याला मर्यादा असते. किती व्यासापर्यंत चालेल ते बऱ्याच ड्रमवर कोरलेलं असतं.

जोडताना

स्प्रिंग काढताना आणि लावताना चष्मा हवाच. ताणलेली स्प्रिंग सुटली तर सरळ तोंडावर येते.

जुने शू काढले की नव्या शूंच्या शेजारी ठेवा. आकार, भोकं, लायनरची लांबी जुळते का बघा. पुढचा आणि मागचा शू काही गाड्यांत वेगळा असतो. हँडब्रेकचा दांडा जुन्या शूवरून नव्यावर घ्यायचा असतो. त्याची छोटी क्लिप विसरू नका. शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा डाव्या बाजूचा ॲडजस्टर उजवीकडे लावू नका. बऱ्याच गाड्यांत त्यांचे आटे उलटे असतात.

मागच्या पत्र्यावर शू जिथे घासतात तिथे थोडे उंचवटे असतात. त्यांना ब्रेकचं, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसटसं लावा. लायनरला आणि ड्रमच्या आतल्या बाजूला मात्र ग्रीसचं बोटही लागता कामा नये. नव्या शूंना हात लावण्याआधी हात धुवा.

नवे शू जाड असतात. पिस्टन आत ढकलावे लागले तर बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढतं. ते रंगावर सांडलं तर रंग उडतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डबीत कमी पडलं तर डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल घाला. इंजिन ऑइल चुकूनही नको. त्यानं आतली रबरं फुगतात आणि सगळेच ब्रेक निकामी होतात.

ड्रम बसवा आणि हातानं फिरवा. अगदी हलका घासल्याचा आवाज यावा, पण ड्रम फिरायला हवा. आधी ॲडजस्टरनं शू नीट जुळवा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर ब्रेक कायम थोडे लागलेले राहतात आणि ड्रम तापतो.

मग दुसरी बाजू. तीही तितक्याच सावकाश.

गाडी हलवण्याआधी

इंजिन बंद असताना पेडल बऱ्याच वेळा दाबा. ते वर येऊन टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं किंवा हळूहळू खाली गेलं तर गाडी जागेवरून हलवू नका. मेकॅनिकला घरी बोलवा. तिथपर्यंत गाडी चालवत नेण्याचा विचारही नको.

चाकाचे नट समोरासमोरचे घेत आवळा. गाडी खाली घेतल्यावर पुन्हा आवळा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत एकदा तपासा.

पहिली फेरी गल्लीतच, चालण्याच्या वेगानं. ब्रेक मारा. गाडी सरळ थांबते का बघा. हँडब्रेक लावून बघा. परत आल्यावर ड्रमजवळ हात न्या, पण टेकवू नका. एक बाजू दुसरीपेक्षा फार गरम असेल तर काहीतरी घासतंय. पुन्हा उघडा.

नवे शू ड्रमला बसायला थोडे दिवस घेतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. या दिवसांत श्रीशैलमच्या घाटात किंवा सोलापूर-तुळजापूरच्या लांब प्रवासाला गाडी काढू नका. घाटात ड्रम तापले की पकड कमी होते. ब्रेक जुने असोत की नवे, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा.

पावसाळ्यात मलकपेठच्या रेल्वे पुलाखाली साचतं, तसल्या पाण्यातून गाडी गेली तर ड्रममध्ये पाणी शिरतं. बाहेर आल्यावर मागेपुढे बघून, हळू चालवत पेडल थोडं थोडं दाबा. शू सुकतात. मगच वेग वाढवा.

खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. त्या वेळी आरटीएमध्ये गाडी तपासतात, ब्रेकही बघतात. शूचं बिल, तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहून ठेवा. पुढची तपासणी कधी करायची ते तुम्हालाही कळेल.

शेवटचं काम घरात करायचं आहे. ही गाडी घरात जे जे चालवतात, त्या सगळ्यांना सांगा. बायकोला, मुलाला, सुनेला, शनिवारी गाडी मागून नेणाऱ्या भाच्याला. शू नवे आहेत, पेडल पूर्वीपेक्षा वेगळं लागेल, आठवडाभर सावकाश चालवा. आणि काही वेगळा आवाज आला, तर संकोच न करता लगेच सांगा. आवाज ऐकणारे कान जितके जास्त, तितकी गाडी सुरक्षित.