दहशतवाद्यांची यादी आणि सत्तेची सोय

निरपराध माणसांचे बळी घेऊन राजकीय हेतू साधू पाहणारा दहशतवाद, मग तो कोणत्याही झेंड्याखाली चालो, निंद्यच आहे. परंतु त्याच्या बंदोबस्ताच्या नावाने बलाढ्य राष्ट्रे जे धोरण आखतात, तेही तितक्याच कठोरपणे तपासले पाहिजे. अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

१९७२ साली म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली खेळाडूंची हत्या झाली. त्यानंतर अध्यक्ष निक्सन यांनी दहशतवादविरोधी मंत्रिमंडळ समिती नेमली. १९७९ मध्ये दहशतवादाला साहाय्य करणाऱ्या राष्ट्रांची यादी निघाली. इराक, लिबिया, सीरिया व दक्षिण येमेन ही तीतील पहिली नावे. पुढे १९८२ साली इराकचे नाव वगळण्यात आले. इराण-इराक युद्ध पेटले होते आणि इराणचा विजय अमेरिकेला परवडणारा नव्हता. १९८८ मध्ये हलब्जा येथे इराकी फौजांनी कुर्दांवर विषारी वायू सोडून हजारो जीव घेतले, तरीही ते नाव यादीत परतले नाही. परतले ते १९९० साली, इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर!

दक्षिण आफ्रिकेचे वर्णद्वेषी सरकार या यादीत कधीच नव्हते. तुरुंगात २७ वर्षे काढलेल्या नेल्सन मंडेला यांच्यावरील प्रवेशनिर्बंध मात्र २००८ साली खास कायदा करून उठवावे लागले. निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांना शस्त्रे पुरविल्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये अमेरिकेला दोषी ठरविले; अमेरिकेने तो निकाल धुडकावला.

२००१ च्या भीषण हल्ल्यानंतर या धोरणाने युद्धाचे रूप घेतले. अध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याची मुभा देणाऱ्या ठरावात ना काळाची मर्यादा होती, ना भूभागाची. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मताने तो संमत झाला. ते एकमेव विरोधी मत बार्बरा ली यांचे होते. पुढील अनेक अध्यक्षांनी तोच ठराव पुढे करून दूरदूरच्या देशांत हल्ले केले, तेव्हा त्या एका मताची किंमत जगाला कळली.

यादीचा खेळ मात्र थांबला नाही. २०२५ च्या जानेवारीत मावळत्या अध्यक्षांनी क्यूबाला यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला. नव्या अध्यक्षांनी सहाच दिवसांत तो फिरविला. त्या सहा दिवसांत क्यूबात काय बदलले होते? बदलली होती ती वॉशिंग्टनमधील सत्ता.

न्यायालयासमोर पुरावा न मांडता, केवळ सरकारच्या लेखणीने कोणाला दहशतवादी ठरविण्याची ही रीत भारतालाही परकी राहिलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली व्यक्तीलाही तसे घोषित करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. म्हणूनच कार्यकर्त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह एकाच वेळी धरला पाहिजे: हिंसेचा निषेध करताना पक्षपात नको, आणि आरोप ठेवणाऱ्या सत्तेला पुराव्यातून सूट नको. यांपैकी एकीचा विसर पडला, तर दुसरीला अर्थ उरत नाही.