निळ्याचे कोडे

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रेणूंवर लिहावे, हा आगाऊपणाच! पण आपल्या मोबाइलचा ओएलईडी पडदा ज्या सेंद्रिय रेणूंनी उजळतो, त्यांचा हिशोब ऐकून मी चक्रावलो. विजेने चेतवलेल्या दर ४ साध्या रेणूंपैकी सुमारे १ प्रकाश देतो. बाकी तिघांची ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जाते. १९८७ साली कोडॅकमधील टँग व व्हॅन स्लाइक यांनी केलेल्या दिव्यालाही हीच मर्यादा होती. पुढे प्लॅटिनम, इरिडियम या जड धातूंनी त्या तिघांनाही कामाला लावले.

पण इरिडियम अतिशय दुर्मिळ. म्हणून मला अधिक मोल वाटते ते जपानच्या क्यूशू विद्यापीठातील अदाची यांच्या २०१२ मधील युक्तीचे. रेणूचा इलेक्ट्रॉन देणारा भाग आणि घेणारा भाग त्यांनी पीळ देऊन जोडले. त्यामुळे दोन ऊर्जापातळ्यांतले अंतर इतके घटले की, खोलीतल्या उबेनेच अडकलेली ऊर्जा वर चढते व प्रकाश होऊन बाहेर पडते. धातू नाहीच, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, बस्स!

निळा मात्र अजून हट्टी आहे. त्याच्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते आणि तीच रेणूचे बंध तोडते. म्हणून निळा दिवा इतरांआधी मंदावतो. नव्या धातूच्या शोधापेक्षा, माझ्या मते, या पिळावरच अधिक डोके खपवावे.