वाघ मोजले, माणसांचे काय?

दर चार वर्षांनी देशातील वाघांची संख्या जाहीर होते आणि सर्वत्र समाधान व्यक्त होते. ते अनाठायी नाही. २००६ मध्ये देशात अवघे १,४११ वाघ उरले होते. २०२२ च्या गणनेत ही संख्या ३,६८२ झाली. याच काळात महाराष्ट्रातील वाघ १०३ वरून ४४४ वर गेले. त्याआधी, २००१-०२ मध्ये, पावलांचे ठसे मोजून ३,६४२ वाघ असल्याचे सांगितले जात होते. सरिस्काचे जंगल वाघांविना ओस पडले तरी कागदोपत्री सारे कुशल होते! त्या नामुष्कीनंतरच राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले, कॅमेऱ्यांनी मोजणी सुरू झाली.

मेळघाट हा १९७३-७४ मधील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तरीही "वाघांवर एवढा पैसा कशाला?" हा प्रश्न वऱ्हाडात अधूनमधून ऐकू येतोच. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात व्याघ्र आणि हत्ती प्रकल्पांसाठी, संपूर्ण देशाकरिता, २९० कोटी रुपयांची तरतूद आहे. प्रश्न विचारणाऱ्या अकोलेकराने वारीचे हनुमान सागर धरण एकदा पाहून यावे. वान नदी मेळघाटच्या डोंगरातून येते आणि तिचे पाणी खारपाणपट्ट्यातील तहानलेल्या गावांना जाते. डोंगरावर वन आहे म्हणून नदी आहे. वनावाचून वाघ मारला जातो आणि वाघावाचून वन तोडले जाते, हे महाभारताच्या उद्योगपर्वाने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

तेव्हा खर्च व्हावा, याविषयी आमचा वाद नाही. २०१३ मध्ये शिकारी टोळ्यांनी मेळघाटात घातलेला धुमाकूळ पाहता वनरक्षकांवरील खर्च तर वाढायलाच हवा. वाद आहे तो हिशेबाच्या दुसऱ्या पानाविषयी.

वाघाला जागा मिळावी म्हणून ज्यांनी गाव सोडले, ते कोरकू वनवासी. वाघाला ते 'कुला' म्हणतात, त्याला देव मानतात. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे प्रथम उठली. पुढे बारुखेडा, नागरतास, अमोना, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी एकेक गावे अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला उतरली. प्रतिकुटुंब मदत २००८ मध्ये एक लाखावरून दहा लाख आणि २०२१ मध्ये पंधरा लाख झाली. आकडा कागदावर भरघोस दिसतो. परंतु ज्याचा संसार मोहफुले, तेंदूपाने, बांबू आणि गुरांवर चालत आला, त्याच्या हाती एकदम रोकड दिली की ती टिकवणार कोण? अकोट परिसरातील काळ्या कसदार जमिनीचे भाव त्याला कोण परवडवून देणार? दुचाकी, घर, देणीघेणी यांत पैसा आटतो आणि उरते ती दुसऱ्याच्या शेतातील मजुरी.

जानेवारी २०१९ मध्ये काही पुनर्वसित कुटुंबे जंगलातील जुन्या गावठाणांवर परतली. वनकर्मचारी आणि पोलीस यांच्याशी संघर्ष झाला. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. त्यामागे चिथावणी होती, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. चिथावणी देणारे असतीलही. पण स्वतःचे शेत आणि विहीर असलेला माणूस मुलाबाळांसह पडक्या गावाकडे सहसा जात नाही.

आज प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे छायाचित्रांतून पडताळले जातात. मग प्रत्येक विस्थापित कुटुंबाची पाच आणि दहा वर्षांनी मोजणी का होऊ नये? जमीन कोणाच्या नावावर आहे, ओलीत किती, मुले शाळेत आहेत की वीटभट्टीवर, एवढे तीन रकाने पुरेत. पुनर्वसनाच्या निधीतला ठरावीक वाटा गाव हलल्यानंतरच्या उपजीविकेसाठी राखून ठेवावा. धारणी तालुक्यात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारून, कोरकूच्या हातातील कौशल्याला बाजार मिळू शकतो हे दाखवून दिले आहे. अकोट-तेल्हाऱ्यात असे काम उभे करणे शासनाच्या आवाक्याबाहेरचे नाही. आणि आपल्या कार्यकर्त्यांच्याही नाही.

२०२६ च्या व्याघ्रगणनेचा मेळघाटपुरता अहवाल येईल, तेव्हा त्याला या गावांचा तक्ता जोडलेला असावा, अशी मागणी अमरावती आणि अकोल्याच्या लोकप्रतिनिधींनी आत्ताच केली पाहिजे.