अहवालातील माणूस आणि आकडा

स्वयंसेवी संस्थांचे अहवाल हा मराठी गद्याचा उपेक्षित प्रांत होय. या लेखनात सामान्यतः दोन प्रवृत्ती आढळतात. एकीत तक्त्यांमागे माणूस हरवतो. दुसरीत एखाद्या ‘लाभार्थी’ स्त्रीची करुण कहाणी छायाचित्रासह येते, आणि माणूस दिसतो तो देणगीदाराच्या दयेचे साधन म्हणून. तक्त्याशेजारी कहाणीची चौकट छापल्याने हा दोष दूर होत नाही. कथन आणि आकडा यांनी एकमेकांची परीक्षा घ्यावयास हवी.

गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेचे कार्य या दृष्टीने उद्बोधक आहे. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली; तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. यांतील एकीचीच व्यथा सांगितली गेली असती, तर ती तिचे खासगी दुर्दैव ठरली असती. लाजेने झाकलेले दुःख सार्वजनिक प्रश्न झाले ते आकड्यामुळे.

याउलट, महाराष्ट्रातील दडलेल्या बालमृत्यूंविषयीच्या २००१ सालच्या अहवालाला ‘कोवळी पानगळ’ हे नाव देण्यात आले. पानगळ हा निसर्गनियम. परंतु ‘कोवळी’ हे विशेषण तो नियम मोडल्याची साक्ष देते. येथे विशेषणच युक्तिवाद करते. तथापि या रूपकाला मर्यादाही आहे. पानगळीला कर्ता नसतो, त्यामुळे उत्तरदायित्वाचा प्रश्न तिच्यात विरून जाण्याचा संभव असतो. तो प्रश्न पुन्हा उभा करतो तो आकडाच. गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर नवजात बालकांची काळजी घेतल्यास काय घडते, हे याच संस्थेने ३९ गावांत तपासले होते. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. जे टाळता येते त्याला निसर्गनियम म्हणता येत नाही.

कथन हे आकड्याचे केवळ अलंकरण होय, हा समजही तपासून पाहावा लागेल. जेथे मृत्युसमयी डॉक्टर नसतो, तेथे संशोधक मृत्यूचे कारण घरच्यांना विचारून ठरवतात. मूल दूध पीत होते का, श्वास कसा चालला होता, अंग कधी थंड पडले, हे आई सांगते आणि त्यातून तक्त्यातील एक नोंद सिद्ध होते. म्हणजे आकड्याच्या मुळाशी कथनच असते. आईने योजलेला बोलीतील शब्द प्रश्नकर्त्याला कळला नाही, तर आकडाही चुकतो.

अहवाल हे साहित्य नव्हे, असा आक्षेप येईल. तो मान्य केला, तरी निवेदक कोण, त्याचा अधिकार कोणता, कोणाचा आवाज वगळला गेला, हे प्रश्न विचारण्याचे शिक्षण साहित्याचे विभागच देतात. ही कहाणी किती जणींची आहे, ती छापण्यास तिची संमती होती काय, आणि स्वतःविषयीचा मजकूर तिला वाचून दाखवला गेला काय, एवढे तीन प्रश्न जरी आपल्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक अहवालाला विचारले, तरी या गद्याची समीक्षा सुरू होईल. ज्या लेखनावर औषध, अनुदान आणि धोरण अवलंबून असते, ते समीक्षेविना राहणे कोणाच्याच हिताचे नाही.